आधी बघा, मग लिहा : डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व डॉक्टरांना,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. आवाज दबका होता. "मावशी, खाली इतकी खाज सुटलीय की धड बसवत नाही. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, यीस्ट इन्फेक्शन आहे, एक गोळी घे, दोन-तीन दिवसांत बरं वाटेल. घेऊ ना?" मी गोळीचं नाव विचारलं. फ्लुकोनाझोल, 150 मिलिग्रॅम. मग मी तिला एकच प्रश्न विचारला, "पाळी कधी आली होती?" पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ती मनात दिवस मोजत होती. "नऊ दिवस वर गेलेत गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. गोळी पाकिटातच राहिली.

यीस्ट म्हणजे एक बुरशी. गरोदर बाईला ती झाली तर पोटात घ्यायचं फ्लुकोनाझोल टाळावं, आतून लावायचं औषध सात दिवस द्यावं, हे उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी डॉक्टर नाही. तरीही पाळीचा प्रश्न मला सुचला आणि औषध सांगणाऱ्याला सुचला नाही, ही गोष्ट मला गप्प बसू देईना. म्हणून हे पत्र.

मला तो प्रश्न सुचला, कारण या विषयाने माझी दीड वर्षं खाल्ली आहेत.

सुरुवात दाढेपासून झाली. दाढेला पू झाला म्हणून सात दिवस अँटिबायोटिक घेतलं. दाढ शांत झाली आणि त्याच आठवड्यात खाली जळजळ सुरू झाली. मग खाज, फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव, आणि सोललेल्या कातडीवर लघवी लागली की डोळ्यांत पाणी. दवाखान्यात जाऊन मी "खाली खाज येते" एवढंच म्हणाले, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत पेन कागदावर टेकलं होतं. गोळी घेतली, आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दीड वर्षात सात चिठ्ठ्या झाल्या, चार डॉक्टर झाले. सातांपैकी सहा चिठ्ठ्या टेबलाच्या पलीकडून लिहिल्या गेल्या. एकदाच मला तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितलं, तेव्हाही नमुना घेतला गेला नाही.

या काळात काय काय बदललं ते कुठल्याही केस पेपरवर नाही. पर्समध्ये मी कायम एक जादा निकर ठेवायला लागले. लांबलेल्या मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायला लागले. झोपायला वेगळी गादी घातली आणि नवऱ्याला सांगितलं की पाठ दुखते. खरं कारण त्याला सांगायला मला वर्ष लागलं. तोवर त्याने मनाशी काय काय समजूत करून घेतली होती, ते ऐकताना मला रडू आवरलं नाही.

पाचव्या डॉक्टरांनी विचारपूस केली आणि म्हणाल्या, "झोपा, बघू या." कापूस लावलेल्या काडीने नमुना घेतला, सामू (pH), म्हणजे आम्लता, मोजायच्या पट्टीला टेकवला, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. मग मला उठवून सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "तुम्हीच बघा." पुसट पसाऱ्यात बारीक, गोलसर कण होते, काही ठिकाणी मोठ्या कणाला छोटा चिकटलेला, जणू कळी फुटतेय. त्या म्हणाल्या, "नेहमीची बुरशी असती तर यात धागे दिसायला हवे होते. इथे नुसत्या कळ्याच आहेत. मी कल्चरला पाठवते." प्रयोगशाळेत नमुन्यातली बुरशी वाढवून बघितली आणि काही दिवसांनी अहवाल आला : कॅन्डिडा ग्लॅब्राटा. नेहमीच्या कॅन्डिडा अल्बिकन्सची ही नातलग, आणि फ्लुकोनाझोलला पुष्कळदा दाद न देणारी. म्हणजे शेवटच्या कित्येक चिठ्ठ्यांवरचं औषध तिच्यासाठी नव्हतंच. सुरुवातीला कोणती जात होती हे आता कळायला मार्ग नाही, कारण तेव्हा कुणी पाहिलंच नाही. मला बोरिक अॅसिडच्या 600 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल रोज रात्री आत ठेवायला दिल्या, चौदा दिवस. देताना त्यांनी दोनदा बजावलं की हे तोंडाने घेतलं तर विष आहे, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर वापरायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी रात्रभर सलग झोपले.

आता माझ्या तक्रारी सांगते. राग आहे, पण तो बाजूला ठेवून लिहितेय.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार न बघण्याची. खाज, जळजळ आणि अंगावरून पांढरं जाणं ही एकट्या यीस्टची लक्षणं नाहीत. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडतो तेव्हा, स्राव असतो, ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात स्राव आणि खाज दोन्ही असतात, साबणाच्या किंवा पॅडच्या अॅलर्जीने आग होते, हर्पीस आणि एक्झिमाही असतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला यीस्टच झालं आहे असं मानून स्वतःच औषध विकत घेणाऱ्या 95 बायकांची तपासणी झाली. नुसतं यीस्ट निघालं ते जेमतेम तिघींतल्या एकीला. तुम्ही म्हणाल, ते बायकांनी स्वतः केलेलं निदान होतं. बरोबर आहे. पण टेबलापलीकडून केलेलं निदान तरी कशावर उभं असतं? त्याच बाईच्या त्याच दोन शब्दांवर.

बघायला फार काही लागत नाही. यीस्टमध्ये योनीचा सामू सहसा नेहमीसारखाच, म्हणजे 4.5 च्या आत राहतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनासमध्ये तो बहुतेकदा त्याच्या वर जातो. पट्टीला मिनिटही लागत नाही. स्लाइडला थोडा वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकातून ही बुरशी बऱ्याच वेळा निसटते, जवळजवळ निम्म्या वेळा, म्हणून लक्षणं आहेत आणि स्लाइड कोरी आहे अशा वेळी कल्चर करायचं असतं. यातली कुठलीच गोष्ट नवी नाही.

न बघण्याची किंमत माझ्यापेक्षा माझ्या आईने जास्त मोजली. पाळी जाऊन तिला दहा वर्षं झाली होती. खाज सुटली, बुरशीचं मलम मिळालं. पुन्हा सुटली, दुसऱ्या कंपनीचं मलम मिळालं. अशी चार वर्षं गेली. खरं तर पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि त्याबरोबर यीस्टचं प्रमाणही कमी होतं. मधुमेह नसलेल्या, हार्मोनचं औषध न घेणाऱ्या त्या वयाच्या बाईला सारखी खाज येत असेल, तर दुसरं काही तरी शोधायला हवं. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी उजेडात पाहिलं. कातडी पांढुरकी, कागदासारखी पातळ आणि सुरकुतलेली. लायकेन स्क्लेरोसस, कातडीचा एक जुनाट आजार. त्यावरचा उपचार म्हणजे तीव्र स्टेरॉइड मलम, ठरावीक मात्रेत, नजरेखाली. बुरशीच्या औषधाने त्याचं काहीच होत नाही. हा आजार तसाच राहिला तर तिथला आकार बदलतो, वाट अरुंद होते आणि कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. आईने चार वर्षं मलम लावलं आणि "माझंच काही तरी चुकत असेल" असं म्हणत राहिली.

दुसरी तक्रार कारण न शोधण्याची. ही बुरशी बाहेरून चाल करून आलेली नसते. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनीत ती मुक्कामालाच असते. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सगळ्यांना आपापल्या जागी ठेवतात. अँटिबायोटिकने हे राखणदार मेले की बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि तिला स्वतःला अँटिबायोटिकने काही होत नाही, कारण ती जिवाणू नाहीच. मला दाढेचं औषध देताना हे एका वाक्यात सांगता आलं असतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे तेव्हाही ती फोफावते. रक्तातली साखर चढलेली असली की ती पुन्हा पुन्हा येते, आणि मधुमेहाची पहिली चाहूल कधी कधी अशीच लागते. मला सात चिठ्ठ्यांत एकदाही साखर तपासायला सांगितलं नाही. माझी साखर ठीक निघाली, ते माझं नशीब. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्या बायकांना योनीत आणि पुरुषांना शिश्नाच्या टोकाला बुरशी होण्याचा धोका वाढतो. गोळी सुरू करताना हे सांगितलेले रुग्ण मला फार थोडे भेटले.

तिसरी तक्रार न सांगण्याची. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त इजा यानेच झाली.

दीड वर्षांत मला कुणी सांगितलं नाही की माझ्या शरीरात नेमकं काय चाललंय. त्यामुळे मी एकच अर्थ काढला : मी अस्वच्छ आहे. म्हणून दिवसातून चार वेळा साबणाने धुवायला लागले, मग जंतुनाशकाचं पाणी आत मारायला लागले. कातडी आणखी सोलली. पुढे वाचून कळलं की आतून धुण्याने तिथले उपकारक जिवाणूच वाहून जातात आणि सुगंधी साबणाने आग वाढते. बाहेरून साधं पाणी पुरतं. हे सांगायला किती वेळ लागला असता?

प्रत्यक्षात काय होतं, ते मला पाचव्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अल्बिकन्स एरवी गोल कळ्यांच्या रूपात असते आणि कुणाला त्रास देत नाही. परिस्थिती तिच्या सोयीची झाली की तीच लांब धागे काढते. हे धागे योनीच्या आतल्या अस्तरात घुसतात आणि एक विष सोडतात, कॅन्डिडालायसिन. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. त्याने पेशी फुटतात, शरीर सावध होतं आणि पांढऱ्या पेशींची फौज तिकडे धावते. लाली, सूज, जळजळ यांतला मोठा भाग म्हणजे आपल्याच शरीराने दिलेला लढा. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या शरीराची किळस वाटली नाही.

दुसरं न सांगितलेलं म्हणजे हा गुप्तरोग नव्हे. कधीच शरीरसंबंध न आलेल्या मुलीलाही तो होतो, आणि जोडीदाराला लक्षणं नसतील तर त्याला सहसा औषध लागत नाही. हे न कळल्याने घरात संशय शिरतो. आमच्या घरात शिरला होता.

आणि ही बुरशी एकाच जागेची नाही, हेही आम्हाला तुकड्यातुकड्यांनी, नंतर कळतं. तान्ह्या बाळाच्या जिभेवरचे पुसून न निघणारे पांढरे चट्टे, लंगोटाखालची लालेलाल कातडी, कवळीखाली सुजलेली टाळू, दम्याचा स्टेरॉइड पंप ओढून चूळ न भरणाऱ्याचं पांढरं तोंड, मांडीच्या आणि स्तनांखालच्या घडीत होणारी आग, हे सगळं तिचंच. प्रतिकारशक्ती फार खालावली तर ती अन्ननलिकेत उतरते. अतिदक्षता विभागात शिरेतल्या नळीवाटे रक्तात शिरली, तर जीव जाऊ शकतो. हे चित्र नीट समोर ठेवलं नाही की उलटी भीतीही पसरते. थकवा, पोटफुगी, विसरभोळेपणा, सगळ्यांच्या मुळाशी "शरीरभर पसरलेलं यीस्ट" आहे असं सांगणारे, सकाळी ग्लासात थुंकून घरबसल्या निदान करायला लावणारे लोक आहेत. त्या थुंकीच्या चाचणीला शास्त्राचा कसलाही आधार नाही. मीही एकदा तसा ग्लास घेऊन बसले होते. तुमच्याकडून उत्तर मिळत नव्हतं, म्हणून.

चौथी तक्रार थोडक्यात. बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये असलेलं मलम निदान न करता देऊ नका. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, रुग्णाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी वाढत राहते. पुढे कुणी तपासलं तरी पुरळाचं रूपच बदललेलं असतं.

पाचवी तक्रार, पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गाला दरवेळी पहिल्यांदाच झाल्यासारखं वागवण्याची. चारपैकी सुमारे तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, आणि बहुतेकींचा साध्या उपचाराने जातो. पण वर्षात तीन किंवा अधिक वेळा झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे 13 कोटी 80 लाख बायका अशा वारंवार होणाऱ्या संसर्गाने त्रस्त असतात. त्यांच्यासाठी वेगळा उपचार ठरलेला आहे : आधी कल्चर करून जात ओळखायची, मग अल्बिकन्स असेल तर फ्लुकोनाझोलच्या दर तिसऱ्या दिवशी एक अशा तीन मात्रा, आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक. एकच गोळी सात वेळा, असा उपचार कुठेही लिहिलेला नाही.

शिवाय बुरशीची औषधं जिवाणूंच्या औषधांइतकी मुबलक नाहीत. बुरशीची पेशी माणसाच्या पेशीशी पुष्कळ मिळतीजुळती असल्यामुळे, तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही, असं औषध शोधणं अवघड असतं. 1950 मध्ये एलिझाबेथ हेझेन आणि रेचेल ब्राउन या दोघी शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवल्याचं जाहीर केलं. दोघींच्या कष्टांतून हाती आलेलं औषध आजही बाळाच्या जिभेवर थेंब थेंब टाकलं जातं. अशी औषधं मोजकी आहेत आणि ती निकामी होऊ लागली आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली प्राधान्य यादी काढली. तीत कॅन्डिडा ऑरिस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स सर्वांत गंभीर गटात आहेत, आणि मला झालेली ग्लॅब्राटा त्याच्या लगेच खालच्या गटात. अंदाजाने लिहिलेली प्रत्येक गोळी या हिशेबात धरली जाते.

तुमच्या दाराबाहेरची गर्दी मी पाहिली आहे. एका सकाळी किती जणांना बघावं लागतं, हेही मला दिसतं. तपासणीला नको म्हणणाऱ्या बायकाही असतात, मीही पहिल्यांदा मनातून सुटकाच मानली होती. म्हणून मागण्या अवाजवी ठेवलेल्या नाहीत.

पहिल्यांदा लक्षणं आलेल्या बाईला तपासल्याशिवाय औषध लिहू नका. ती तपासणीला तयार नसेल तर काडी तिच्या हातात द्या आणि आडोशाला जाऊन नमुना कसा घ्यायचा ते सांगा. ते बाईला स्वतःला जमतं. सामूची पट्टी टेबलाच्या खणात ठेवा. वर्षात तिसऱ्यांदा आली किंवा औषधाने गुण आला नाही, तर कल्चर आणि साखरेची तपासणी झाल्याशिवाय तीच गोळी पुन्हा देऊ नका. पाळी गेलेल्या बाईची कातडी चांगल्या उजेडात बघा.

फोनवर सल्ला द्यायची वेळ आली, तर निदान एवढं विचारा : पाळी कधी आली होती? साखर आहे का? या वर्षात आधी कितीदा झालं? रक्त पातळ ठेवायची किंवा दुसरी कुठली औषधं चालू आहेत का? ताप किंवा ओटीपोटात दुखणं आहे का? शेवटच्या प्रश्नाला हो म्हणाली, तर हे यीस्ट नव्हे असं धरून तिला त्याच दिवशी बोलवा.

अँटिबायोटिक किंवा मधुमेहाच्या त्या गोळ्या लिहिताना बुरशीबद्दल एक वाक्य बोला. आणि चिठ्ठी हातात देताना, "हे अस्वच्छतेमुळे झालेलं नाही" एवढं तरी म्हणा. बाईने विचारलं नाही तरी म्हणा. ती विचारणार नाही.

भाचीला मी दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं, पट्टी लावली, स्लाइड पाहिली. धागे स्पष्ट होते, यीस्टच निघालं. सात रात्री आत ठेवायला क्लोट्रिमॅझोल दिलं. आठव्या दिवशी तिचा फोन आला, या वेळी आवाज मोकळा होता. म्हणजे फोनवरचा अंदाज बरोबर होता. औषध मात्र तिच्यासाठी नव्हतं.

आपली,
एक रुग्ण